बेबाबाईच्या नऊ बरण्या

बेबाबाईची डावी करंगळी सरळ होत नाही. पहिल्यांदा ती मोडली दाराच्या फटीत आणि दुसऱ्यांदा पितळी तांब्याखाली. दोन्ही वेळा मोडणारा एकच, तिचा दीर युवराज. आता त्याच वाकड्या बोटाचा कामात उपयोग होतो, हे ती स्वतःच हसून सांगते. दीड-दोन इंचाचा मासा काचेच्या बशीत आडवा धरायचा म्हटलं, तर करंगळीचा तो आकडा माशाच्या पाठीला बरोबर लागतो आणि मासा सरकत नाही. मग उजव्या हातातल्या काट्यानं डोकं उघडायचं.

काटा म्हणजे बाभळीचा. वृषाली मॅडमनी तिला पोलादी चिमटे दिले होते. ते तिनं दोन दिवस वापरले. तिसऱ्या दिवशी असोद्याच्या घरून कामावर येताना रस्त्याकडेच्या बाभळीचे चार काटे रुमालात बांधून आणले.

"लोखंडानं डोक्यातला खडा ओरखडतो मॅडम. काट्यानं नाही."

मॅडमनी भिंगाखाली बघितलं आणि चिमटे उचलून ठेवले.

बेबाबाई जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. वृषाली मॅडम तिथे शिकवतात. आधी त्या जागेवर तिचा नवरा होता, आधार. हायवेवर डंपरनं त्याला उडवलं त्याला आता नऊ वर्षं झाली. अनुकंपाची नोकरी कुणाला, असा प्रश्न आला तेव्हा सासू झुंबरबाईनं ना-हरकतीच्या कागदावर अंगठा दिला तो सुनेच्या नावानं. धाकटा युवराज तेव्हा सव्वीस वर्षांचा, दहावी पास, रिकामा. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच वाक्य.

"मन्हा भाऊनी नोकरी शे ती. तू खाई गई."

हे वाक्य तो आधी नुसतं बोलायचा. मग बोलता बोलता भांडं फेकायचा. मग भांडं राहिलं बाजूला आणि हात आला. झुंबरबाई मध्ये पडायची, तर तिलाही ढकलायचा. मार संपला की म्हातारी सुनेच्या अंगाला हळद लावायची, आणि त्याच हळदीच्या हातानं लेकापुढे भाकरी ठेवायची. बेबाबाईला त्या भाकरीचा राग यायचा. पण तिनं तो कधी बोलून दाखवला नाही. संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं, आणि हिंसा न करण्याचं शील म्हणताना आवाज थोडा खाली जायचा, एवढंच.

बारीक नजर तिला माहेरची. तिची आई ताईबाई जळगावच्या सराफ बाजारातली माती धुवायची. दुकानं उघडण्याआधी गल्ल्या झाडायच्या, गटाराच्या तोंडची माती खरवडायची, घरी आणून परातीत पाणी घालून फिरवायची. हलकं ते पाण्याबरोबर काठावरून जातं, जड ते तळाशी बसतं. शेवटी चिमूटभर काळी रेती राहते आणि त्या रेतीत कधी एक, कधी दोन सोन्याचे कण. ते तेजाबात टाकले की पितळ, तांबं, चांदी सगळं विरघळून जायचं. लहानगी बेबा घाबरायची, कण गेला म्हणून. ताईबाई म्हणायची, "थांब जराशी. सोन्याला काही होत नाही." आणि खरंच, वाफ विरली की कण तिथेच असायचा, आधीपेक्षा स्वच्छ. ती गोष्ट बेबाबाईच्या डोक्यात पक्की बसली. पुढे सगळा घोटाळा झाला तो त्यातूनच.

वृषाली मॅडम समुद्रावरच्या एका बोटीवर दोन महिने राहून आल्या आणि येताना नऊ मोठ्या बरण्या आणल्या. स्पिरीटमध्ये ठेवलेले बारके मासे, एकेका बरणीत दीड-दोनशे. प्रत्येक बरणीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण स्पिरीटमध्ये शाई पसरते. कुठल्या जागी, किती खोल, कुठल्या तारखेला सापडले, ते त्या चिठ्ठीवर. बेबाबाईनं घरी सांगितलं तर झुंबरबाई मिसरीचं बोट तोंडातून काढून म्हणाली,

"इतली शिकेल बाई, अन् समुद्रमाईन सुकट ली उनी?"

"सुकट नाही आत्या. त्याच्या पोटावर दिवे असतात."

"मरी गयेलना पोटवर कसाना दिवा?"

मेलेल्याचे दिवे विझलेलेच होते. पण त्यांच्या जागा दिसायच्या. पोटाच्या कडेनं बारीक गोल टिकल्यांची रांग. मॅडम कामाच्या नादात असल्या की सांगत राहायच्या, आणि बेबाबाई ऐकत राहायची. हा मासा अरबी समुद्रात दिवसभर दोनशे-चारशे मीटर खाली राहतो. तिथे अंधार, गारठा, आणि पाण्यात हवा जवळजवळ नाहीच. दुसऱ्या बहुतेक माशांचा तिथे जीव गुदमरतो. सूर्य बुडाला की हजारो-लाखो मासे एकदम वर निघतात, पोटं भरतात आणि उजाडायच्या आत परत खाली. खालून एखादा शिकारी वर बघत असला, तर वरच्या अंधुक उजेडात माशाची सावली दिसू नये म्हणून पोटाचे दिवे त्या उजेडाइतकेच मंद पेटतात. नराच्या शेपटीच्या बुडाशी वरच्या अंगाला चकाकणारा ठिपका, मादीच्या खालच्या अंगाला.

"आणि एवढं करून?" बेबाबाईनं विचारलं.

"एवढं करूनही माकूल खातं, टूना खातो, डॉल्फिन खातो. जो येईल तो खातो."

"मग दिवा कशाला?"

"दहातले दोन तरी वाचावेत म्हणून."

तो मासा काही गरीब नव्हता, हे बेबाबाईनंच त्यांना दाखवलं. पोट उघडलं की आत अख्खे गिळलेले जीव सापडायचे, झिंग्याच्या पिल्लासारखे, काहींचे डोळे अजून काळेभोर. घाईघाईनं गिळलेले. वर यायचं, मारायचं, स्वतः मरायच्या आत खाली पळायचं, असा त्याचा रोजचा धंदा.

मॅडमना मात्र पोटाशी मतलब नव्हता. त्यांना हवे होते डोक्यातले खडे. माशाच्या मेंदूमागे दोन पांढरे खडे असतात, खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठे. मासा त्यांच्यावर तोल सांभाळतो, ऐकतो. त्या खड्यावर रोज एक पापुद्रा चढतो. खडा घासून भिंगाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी कडी दिसतात. एक कडं म्हणजे एक दिवस. हा मासा सहा महिने जगतो की वर्षभर, ते त्या कड्यांवरून कळणार होतं. मोठाल्या बोटी लावून तो उपसायचा, त्याची भुकटी करून कोंबड्यांना घालायची, असा विचार लोक करतात म्हणे. किती दिवसांत वाढतो ते आधी कळायला हवं, नाहीतर उपसून संपेल, असं मॅडमचं म्हणणं.

"मॅडम, एखाद्या दिवशी त्याला मार बसला तर? ते उमटतं का त्याच्यात?"

मॅडमनी वर बघितलं. बेबाबाईच्या डाव्या डोळ्याखाली त्या दिवशी निळं झालं होतं.

"उमटतं. उपास, दुखापत, सगळं. तिथलं कडं काळं पडतं."

बेबाबाईनं पुढचा मासा बशीत आडवा धरला.

फेब्रुवारीत मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. खडे घासायचं यंत्र जूनमध्ये यायचं होतं. तोवर खडे काढून ठेवले आणि हरवले तर कुणाला सापडणार, म्हणून नमुन्याला उघडलेले थोडे सोडून बाकी मासे बरण्यांतच राहिले. मॅडमनी कपाटाची किल्ली बेबाबाईच्या हातात दिली.

"दर आठवड्याला स्पिरीटची पातळी बघायची. आपल्या उन्हात ते उडतं. आणि एक नियम, बेबाबाई, चिठ्ठी असलेली वस्तू फेकायची नाही. काहीही झालं तरी."

"जूनमध्ये नऊच्या नऊ तुमच्या पुढ्यात ठेवीन," बेबाबाईनं शब्द दिला. नऊ वर्षांत तिच्या ताब्यात कुणी इतकं मोलाचं काही दिलं नव्हतं.

त्याच सुमारास युवराज कॉलेजात लागला, ठेकेदारामार्फत, दिवसपाळीचा सिक्युरिटी. त्याच्यासाठी शब्द टाकला तो बेबाबाईनंच. पोटाला लागला तर हात तरी थांबेल, असं तिला वाटलं होतं. हात थांबला नाही. फक्त आता त्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या आणि कपाटांच्या जोडकिल्ल्या आल्या.

मार्चमध्ये एका दुपारी ती कपाट उघडून बघते, तर दोन बरण्या कोरड्या. तळाशी मासे एकमेकांना चिकटून वाळलेले, वर चिठ्ठी. युवराज बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. डोळे लाल.

"युवराज, त्या बरण्यांतलं स्पिरीट कुठंय?"

"फडकाम्हाईन गाळी लिधं." तो हसला. "मस्त शे वहिनी. चाखना बी त्याम्हाच शे."

"ते मॅडमचं काम आहे रे. माझी नोकरी जाईल."

"तुन्ही?" तो उठला. "तुन्ही नोकरी?"

त्यानं तिचा अंबाडा धरला आणि कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तोच जिन्यावर मुलांचा आवाज आला. तो खुर्चीवर जाऊन बसला, टोपी नीट केली. कपाळावर पदर दाबून ती आत गेली.

प्राचार्यांकडे जायचं तिच्या मनात आलं होतं. पण शब्द तिनंच टाकलेला. आणि युवराजची नोकरी गेली की संध्याकाळी त्याच घरात परतायचं होतं. म्हणून तिनं दुसरं केलं. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "मी बाकीच्या बरण्यांत फॉर्मॅलिन घातलंय. मढं टिकवायचं औषध. पिशील तर आतडी जळतील."

ते खोटं होतं. खोटं न बोलण्याचं शील रोज म्हणणाऱ्या बाईला ते बोलताना जड गेलं. आणि उपयोगही झाला नाही. दोन दिवसांनी तो तिच्यासमोर ढेकर देत आला. "तुन्हा औषधले काय बी चव नही, वहिनी." तिसऱ्या बरणीची पातळी दोन बोटं उतरली होती.

वाळलेले मासे तिनं फेकले नाहीत. दोन बरण्यांचे दोन वेगळे फडके केले, प्रत्येकात त्याची त्याची चिठ्ठी ठेवली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि घरी नेऊन बुद्धमूर्तीच्या फळीखाली ठेवले. ते तिच्या लेखी वायाच गेले होते, पण नियम म्हणजे नियम. कॉलेजात ठेवले असते तर सुट्टीत कुणीतरी कचरा म्हणून काढले असते.

उरलेल्या सात बरण्यांसाठी तिनं खोट्याचं खरं केलं. परीक्षा संपल्या त्या आठवड्यात एकेका बरणीतलं स्पिरीट काढून तिनं खरोखरीचं फॉर्मॅलिन भरलं. पाणी घालून पातळ करायचं असतं, हे तिला माहीत होतं. पण जितकं जहाल तितकी राखण जास्त, असा विचार करून तिनं पाणी थोडंच घातलं. डोळ्यांतून धारा लागल्या. ताईबाईच्या तेजाबाची वाफ तिला आठवली. खऱ्या गोष्टीला जहाल पाण्यानं काही होत नाही, हीच तिची समजूत. सातही बरण्यांवर तिनं मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "विष. पिऊ नये." आणि युवराजच्या तोंडावर सांगितलंही, "आता खरंच घातलंय. आईची शपथ."

"मागला टाईमले बी तू हेच सांगेल व्हतं," तो म्हणाला.

मे महिना. जळगाव नुसतं भट्टी झालं होतं. कॉलेज रिकामं. बेबाबाई दुपारी आपल्या नेमानं पातळी बघायला आली, तेव्हा कपाट सताड उघडं आणि युवराज एक बरणी तोंडाला लावून उभा. माशाचा वास नको म्हणून डाव्या हातानं त्यानं नाक दाबलं होतं. म्हणून त्याला कळलं नाही.

"युवराज, नको!"

घोट तोंडात गेला आणि तो वाकला. सगळं बाहेर थुंकलं. खोकला, ओकारी, खोकला. मग वर बघितलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"मारी टाकाले निघनी तू मले?"

पहिली बरणी त्यानं भिंतीवर फोडली. दुसरी तिच्या पायाशी. काच तिच्या घोट्यात शिरली. ती मागे सरली तर त्यानं तिला टेबलावर ढकललं आणि गळा धरला. अंगठे आत रुतले. तिला छत दिसेना. हातानं चाचपडताना लोखंडी स्टँडचा दांडा सापडला, पण उचलायच्या आत त्यानं गळा सोडला, कारण त्याला तिसरी बरणी हवी होती. ती तिच्या कानशिलावर फुटली असती. तिनं डोकं बाजूला घेतलं आणि बरणी टेबलाच्या कडेवर बसली. रक्त, मासे, काच, आणि डोळे जाळणारी वाफ. माशांचा थर असा पसरला होता की पाय ठेवावा तिथे बुळबुळीत.

चौथी बरणी त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. मघाशी तोंडाला लावलेली ती हीच, झाकण तेव्हाच काढलेलं. बरणी मागे कलली आणि सगळं औषध त्याच्याच तोंडावर आलं.

तो जे ओरडला, तसं बेबाबाईनं माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. बरणी फुटली. दोन्ही हात डोळ्यांवर दाबून तो गरागरा फिरायला लागला, टेबलावर आदळला, पुन्हा उठला, आणि त्या आंधळेपणातही मूठ फिरवत तिलाच शोधत राहिला.

दांडा तिच्या हातात होता. दार मागे होतं. ती निघून जाऊ शकत होती.

तिनं दांडा फिरवला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला. हाड वाजलं. तो खाली कोसळला. तो फटका त्याला पाडून डोळे धुण्यासाठी होता की नऊ वर्षांच्या रागाचा, हे तिला आजही सांगता येत नाही. तिनं त्याला शर्टाच्या कॉलरला धरून काचांवरून ओढत नळापाशी नेलं. डोळ्यांत औषध गेलं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी, मॅडमनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पण मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी कसं असतं ते जळगावच्या माणसाला सांगायला नको. पहिल्या धारेला तो पुन्हा किंचाळला. मग तिनं त्याला व्हरांड्यातल्या रांजणापाशी ओढलं, मान मांडीखाली दाबली, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि मगानं पाणी ओतायला लागली.

घड्याळ आत. तिनं त्रिशरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली. एकदा म्हणायला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. सहा वेळा पुरे होतं, तिनं आठ वेळा म्हटलं. चौथ्या वेळी त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि एक दात पडला. तिनं तो थुंकून टाकला आणि जिथे थांबली होती तिथून पुढे म्हणायला लागली. पहिलं शील आलं की आवाज खाली जायचा, त्या दिवशी गेला नाही.

सरकारी दवाखान्यात तो म्हणाला, वहिनीनं माझ्या डोळ्यांत औषध फेकलं. हवालदार बेबाबाईचा जबाब घ्यायला आला. तिच्या गळ्यावर दहा बोटांचे डाग, घोट्याला टाके, तोंड सुजलेलं.

"त्यानं गळा दाबला. बरण्या त्यानं फोडल्या. औषध त्याच्याच हातानं सांडलं," ती म्हणाली. "आणि औषध बदललं ते मी. कुणाला न विचारता. आधी एकदा खोटं बोलले, म्हणून खरं त्याला पटलं नाही. गुडघ्यावर दांडा मीच मारला."

हवालदारानं पेन थांबवलं. "बाई, तुम्ही फिर्याद देताय का कबुली?"

"जे झालं ते लिहा भाऊ."

त्यानं लिहिलं. युवराजवर केस झाली, ठेकेदारानं त्याला काढलं. डावा डोळा वाचला. उजव्यावर पांढरा पडदा आला तो राहिला. आठ दिवसांनी तो जामिनावर घरी आला, लंगडत.

बेबाबाईनं जमिनीवरचे मासे वेचले, चिठ्ठ्यांशी जुळवले तेवढे जुळवले, आणि नव्या बरण्यांत त्याच औषधात ठेवले.

जूनच्या शेवटी वृषाली मॅडम आल्या. बेबाबाईनं सगळं सांगितलं, काही राखलं नाही. घरच्या डब्याचं तेवढं ध्यानात आलं नाही, ते मासे तिच्या लेखी वायाच गेलेले. मॅडमनी न फुटलेल्या बरणीतला एक मासा घेतला, डोकं उघडलं, भिंगाखाली धरलं. दुसरा घेतला. तिसरा. दहा मासे झाले. बेबाबाईनं वाकून बघितलं. खड्यांच्या जागी चुना कालवल्यासारखं पांढुरकं पाणी.

"कुठे गेले?"

"विरघळले." मॅडमचा आवाज फुटला. "तो खडा म्हणजे चुनाच, बेबाबाई. फॉर्मॅलिन पडून राहिलं की आंबतं, आणि आंबट चुन्याला खातं. यापेक्षा काही घातलंच नसतं ना, नुसते वाळून खडंग झाले असते, तरी खडे राहिले असते!"

त्या रडायला लागल्या. बेबाबाई मात्र उभी राहिली.

"मॅडम, मला रविवारपर्यंत वेळ द्या."

रविवारी सकाळी असोद्यात तिनं पत्र्याचा डबा उघडला. तीन-साडेतीन महिन्यांत मासे राहिलेच नव्हते. डब्यात आपटून, किडे लागून त्यांचा रवा झाला होता, त्यात कुठे एखादं शेपूट. एवढ्या भुशात खसखशीएवढा खडा मॅडमना सापडला नसता. ताईबाईच्या लेकीला सापडणार होता. तिनं पहिल्या फडक्याची चिठ्ठी फळीवर ठेवली, भुसा परातीत ओतला, वर पाणी सोडलं आणि उंबऱ्याच्या आत उजेडाला बसून परात फिरवायला घेतली. खवलं, काटे, कातडी पाण्याबरोबर काठावरून जायला लागली.

युवराज अंगणातल्या खाटेवर होता. काठी टेकत उठला.

"काय करी राहिनी?"

"तू जे पिना, ते धुई राहिनू," ती म्हणाली. एरवी ती त्याच्याशी खानदेशीत बोलत नसे.

"केस मागे ले."

ती परात फिरवत राहिली. पाणी आता तळाशी आलं होतं. इथे हात थांबला की सगळं मिसळतं, पहिल्यापासून करावं लागतं.

"तुले सांगी राहिनू ना! मन्हा डोळा खाधा, मन्ही नोकरी खाधी!"

त्यानं काठी उगारली. तिनं मान वर केली नाही. "मार. पण परातीला पाय लावू नको."

काठी आली ती तिच्या डोक्यापासून वीतभर बाजूला, चौकटीवर. एका डोळ्याला अंतर कळत नव्हतं. त्यानं पुन्हा उगारली. या वेळी ती तिच्या पाठीत बसली आणि पाण्यावर तरंग उठला. बेबाबाईनं दात चावले आणि हात तसाच गोल चालू ठेवला.

तेव्हा चुलीपाशी बसलेली झुंबरबाई उठली. सत्तरीची बाई, गुडघे धरून उठली. आता म्हातारी नेहमीसारखी रडेल, मग हळद उगाळेल, मग भाकरी वाढेल, असंच बेबाबाईला वाटलं. झुंबरबाईनं टोपलीतली भाकरी घेतली, उंबऱ्याशी आली, ती लेकाच्या हातात ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर असा धक्का दिला की लंगडा पाय सावरेना, तो अंगणात बसला.

"हाई ले अन् आठेन जाय," ती म्हणाली. "हे घर मन्हा आधारनं शे. आज पाईन तुन्हा घास दुसरीकडे."

दार लावलं. कडी घातली. कडीवर भरवसा नसल्यासारखी ती दाराला पाठ लावून बसली.

बाहेरून लाथ बसली. म्हातारीची मान पुढे आली आणि परत दारावर टेकली. दुसरी लाथ. चौकटीतून माती गळाली.

"आत्या, बाजूला व्हा. लागेल तुम्हाला."

"तू तुन्हं कर." झुंबरबाईनं डोळे मिटले. "निंघनं का काही?"

बेबाबाईनं परात खिडकीच्या उजेडात तिरपी केली. तळाशी काळपट गाळ, आणि गाळात पांढरे, कडेला जरासे दातेरी कण. एक. तीन. अकरा. पुढे तिला मोजता येईना, कारण डोळे भरून आले होते. तिनं ते पदरानं कोरडे केले, बाभळीचा काटा ओठांवर ओला केला आणि वाकडी करंगळी परातीच्या काठाला टेकवली.

लाथ बसली की परात थरथरायची. ती थांबायची. थरथर निवली की काट्याच्या टोकावर एक खडा उचलायची, चिठ्ठीशेजारच्या बाटलीत सोडायची, आणि पुढच्या लाथेची वाट बघायची.